दोन हातांचा दिवा

१२ जानेवारी २०२५, रविवार

मी, यशपाल जालिंदर शिवशरण, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका टॉवेल कारखान्यात भांडारप्रमुख, राहणार मिलिंदनगर, बुधवार पेठ, सोलापूर. ही वही आजपासून एकाच उद्देशाने लिहीत आहे. माझी आई मुक्ताबाई, वय ब्याऐंशी, हिचा उजवा हात पुन्हा चालता व्हावा म्हणून मी एक दिवा तयार करीत आहे. त्याची जुळणी, चाचण्या आणि परिणाम यांची विश्वसनीय नोंद राहावी.

नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला आईला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. व्यायामासाठी येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले आहे की मार्चपर्यंत हात उचलला गेला नाही, तर पुढे आशा धरण्यात अर्थ नाही. त्या म्हणाल्या, "उचला उचला म्हणून आजी उचलणार नाहीत. हात पुढे करावासा वाटेल असं काहीतरी त्यांच्यासमोर ठेवा."

त्यावरून दिव्याची कल्पना सुचली. कारखान्यात रंगाच्या टाकीवर पातळी मोजणारे एक लहानसे यंत्र आहे. त्यातला मायक्रोकंट्रोलर आमच्या मेंटेनन्सच्या माणसाने मला उघडून दाखवला होता. नखाएवढ्या चौकोनात इतकी शिस्त मावते हे पाहून मी थक्क झालो होतो. गेला महिनाभर व्हिडिओ पाहून प्रोग्राम लिहिण्याचा अभ्यास केला. चुका पुष्कळ झाल्या, पण प्रत्येक चुकीचे कारण सापडले. कारण न सापडणारी चूक मला अद्याप भेटलेली नाही.

१९ जानेवारी, रविवार

दिवा पूर्ण झाला. वर दुधी गोल, त्यात चोवीस बारीक दिवे. खाली दोन बाजूंना दोन सेन्सर, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून समोरची वस्तू किती सेंटिमीटरवर आहे हे सांगणारे. 'अ' सेन्सर आईच्या खाटेकडे, 'ब' सेन्सर समोरच्या खुर्चीकडे. आईने हात पुढे केला की प्रकाश येतो. हात जितका जवळ, तितका प्रकाश अधिक. खुर्चीवरच्या माणसानेही हात पुढे केला, दोन्ही हात चाळीस सेंटिमीटरच्या आत आले, तरच संगीत वाजते. एकट्या हाताला संगीत नाही. व्यायामाला सोबत हवी, हा त्यामागचा विचार. प्रत्येक हालचाल वेळेसह आतल्या मेमरी कार्डवर लिहिली जाते.

संगीत म्हणजे आई भाकरी थापताना गुणगुणत असे ती चाल. शब्द कोणालाच आठवत नाहीत. माझी पत्नी संघप्रिया हिने ती पेटीवर वाजवून दिली.

दिव्याला दांडा हवा होता. गिरणीत विणकर असलेल्या वडिलांचा धोटा ट्रंकेत जपून ठेवलेला होता. साच्यावर, म्हणजे मागावर, या टोकाकडून त्या टोकाकडे सूत नेणारा, सागवानी, त्यांच्या पंज्याने एका बाजूस झिजलेला. वायर नेण्यासाठी त्याला भोक पाडावे लागले. ड्रिल चालू असताना आईने खाटेवरून मान वळवून पाहिले. तिने मान वळवण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून वेळ लिहून ठेवतो : तीन वाजून चौतीस मिनिटे.

लाकडी पट्टीने दोन्ही सेन्सर दहा, वीस, तीस आणि चाळीसवर तपासले. फरक अर्ध्या सेंटिमीटरहून कमी.

२४ जानेवारी

पाच दिवस रोज संध्याकाळी साडेसहा ते सात मी खुर्चीवर बसतो, हात पुढे करतो. माझा हात 'ब'पासून बावन्नवर असतो, मग चाळीसवर, मग तीसवर. आईचा हात गोधडीवर तसाच. ती माझ्या हाताकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहते.

संघप्रिया शाळेतून येऊन दारात उभी होती. म्हणाली, "अहो, ती वही जरा बाजूला ठेवा ना. आईंसमोर परीक्षा घ्यायला बसल्यासारखे बसता."

मी म्हणालो, "मोजल्याशिवाय प्रगती कशी कळणार?"

"हात मोजता तुम्ही," ती म्हणाली, "धरत नाही."

हे मला अन्यायाचे वाटले. नोंदवून ठेवतो.

२६ जानेवारी, रविवार

संगप्पाकाका आईला भेटायला आले. वय एक्क्याऐंशी. वडिलांच्या शेजारच्या साच्यावर त्यांनी बावीस वर्षे काढली. कानांनी गिरणीतच दगा दिला, त्यामुळे बोलतात मोठ्याने. दिव्याच्या दांड्यावर हात फिरवून म्हणाले, "ह्ये जालिंदरचा धोटा न्हवं? लेका, भोक पाडलंस की रे त्याला!"

मग आईच्या खाटेशी बसून जुन्या गोष्टी काढल्या. विषयाशी त्यांचा संबंध नाही. पण आई ऐकताना डोळ्यांनी हसली, म्हणून थोडक्यात लिहितो. साचेखात्यात आवाज इतका असे की शेजारच्याची हाक ऐकू येत नसे. सगळे बोलणे हातांनी. आई कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरण्याच्या खात्यात होती. दुपारी साडेतीनला पाळी सुटायच्या वेळी वडील मधल्या दारात उभे राहून तिला खूण करीत.

"पंजा दोनदा फुडं, दोनदा मागं, आन् मग तसाच फुडं धरून ठेवायचा." काकांनी करून दाखवले. "म्हंजे पाळी सुटली, चल. रोज, ऐतवार सोडून. आन् ही मुक्ताक्का काय करायची? पंजा फुडं करून पुन्ना छातीशी न्यायची. म्हंजे थांब की वो, काम उरलंय. लई वाट बघाया लावायची त्याला! आमी सगळे हसायचो. आन् काम आवरलं की पंजा फुडं करून तसाच धरायची. म्हंजे आले."

आईच्या घशातून आवाज आला. हसण्याचाच असावा.

जाताना मला पायरीवर म्हणाले, "जालिंदर गेला त्या दिवशी पण मुक्ताक्का गिरनीच्या फाटकापाशी हुबी हुती बग. साडेतीनपासून सा वाजेपर्यंत. दवाखान्यातून सुटून तितंच येतो म्हनला हुता तिला. आमाला ठावं झालं हुतं, पर सांगायचं कुनी?"

सांगायचे होते ते मीच. १९९५ साली मी चोवीस वर्षांचा होतो. वडील दुपारी दोन वाजता गेले. मी आधी दवाखान्याचे कागद पूर्ण केले, प्रत्येक रकाना भरला, आणि मग फाटकावर गेलो. आईने मला एकदाही विचारले नाही की इतका उशीर का झाला. या नोंदीचा दिव्याशी संबंध नाही.

३ फेब्रुवारी

आनंदाची नोंद. आज कार्ड वाचले तेव्हा 'अ' सेन्सरपुढे हात आल्याचे दिसले. तीन वाजून चौतीस मिनिटे, अंतर एकोणीस सेंटिमीटर. दिवसभर आईजवळ असणाऱ्या गोजाबाईंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, "व्हय साहेब, आजीनं हात उचलला की! म्या डोळ्यानं बगितलं. फुडं केला आन् पुन्ना छातीशी घेतला. आन् गाणं बी लागलं."

गाणे लागले हे मला खटकले. गोजाबाईंना मी स्वच्छ विचारले, खुर्चीवर कोण होते?

"कुणी न्हाय. म्या तर हितं दाराशी ज्वारी निवडत व्हते."

पण 'ब'ची नोंद आहे. चौतीस, बारा, चौतीस, बारा. मग बारावर स्थिर, सुमारे एक मिनिट.

माझा हात 'ब'पुढे इतका जवळ कधीच गेलेला नाही.

८ फेब्रुवारी

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, आज शनिवार. पाचही दिवस तीच वेळ, पाच-सात सेकंदांच्या फरकाने. पाचही दिवस 'ब'चे तेच आकडे, आणि आईचा हात पुढे येऊन मागे. हात उचलला जात आहे यात शंका नाही. व्यायामाच्या बाईंनी येऊन पाहिले, खांद्यात बळ आले आहे म्हणाल्या. पण 'ब'चा दोष शोधला पाहिजे. दोष राहिला तर आईच्या नोंदींवरही विश्वास ठेवता येणार नाही.

शक्यता एकामागून एक तपासत आहे. एका सेन्सरचा आवाज दुसऱ्याने ऐकणे : दोन्ही आळीपाळीने चालतील असा प्रोग्राम बदलला, फरक नाही. पंखा : बंद ठेवला. पडदा : काढला. वीजपुरवठा : दिवा बॅटरीवर ठेवला. फरक नाही.

उरल्या गोजाबाई. आज मी त्यांना समोर बसवून विचारले. शब्द कठोर होते हे मान्य करतो.

त्यांनी थोबाडीत बसल्यासारख्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब, त्या दिव्याला हात लावायला मला काय मिळतंय? म्हातारीची खरकटी काढते, तिला न्हाऊ घालते, आन् तुमी मला दिव्यापाई चोर म्हनता?"

"चोर म्हटलेले नाही."

"मग काय म्हनलात?" पदर खोचून त्या उठल्या. दारातून वळून, आवाज उतरवून म्हणाल्या, "एक सांगू? त्या टायमाला म्या खुर्चीकडं बगत न्हाय. बसलेल्या माणसाकडं असं टकामका बगू न्हाय, तसं वाटतंय."

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी मी स्वतः घरी होतो. तीन ते चार खोलीत थांबलो. काहीच झाले नाही. गेल्या रविवारीही नोंद नाही. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे मी घरी असताना, दोष उद्भवत नाही. यावरून संशय गोजाबाईंकडेच जातो.

आई मात्र दिवसभर दाराकडे पाहत होती आणि साडेतीननंतर शांत झोपली. सुट्टी मिळालेल्या माणसासारखी.

१८ फेब्रुवारी

काल सकाळी कारखान्यात जाण्यापूर्वी खुर्चीभोवती दोन हात रुंदीचा पावडरचा पट्टा पसरला. गोजाबाईंना दिवसभर आईच्या डाव्या बाजूस बसण्यास सांगितले. त्यांनी ते, तोंड फुगवून का होईना, पाळले. संध्याकाळी आलो तेव्हा पट्टा अखंड होता. एकही पाऊल नाही. कार्डावर तीन-चौतीसची नोंद होती.

आज संध्याकाळी मी गोजाबाईंची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, घरी जाताना म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

खुर्चीच्या हातावर पांढरे तंतू सापडले. कापसाचे, आखूड, साचेखात्यात कपड्यांवर आणि भुवयांवर बसतात तसे. मी टॉवेलच्या कारखान्यात काम करतो, तेव्हा ते माझ्याच कपड्यांवरून आले असणार. भांडार साचेखात्यापासून दोनशे मीटरवर आहे, हेही नोंदवतो.

२० फेब्रुवारी

निर्णय घेतला. 'ब' सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावली आणि संगीताची अट प्रोग्राममधून काढून टाकली. आता आईच्या एकट्या हाताला प्रकाश आणि संगीत दोन्ही मिळतील. दोष संपला. व्यायामात खंड नको.

चिकटपट्टी लावताना आईने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. तिला वाटले असावे की मी दिवा बंद करीत आहे. मी समजावून सांगितले.

२४ फेब्रुवारी

चार दिवस 'अ'पुढे हात नाही. आईने भिंतीकडे तोंड फिरवले आहे. काल सकाळपासून पेज घेत नाही, पाणी चमच्याने ओठांवरून ओघळते. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "वय आहे, वेगळं असं काही सापडत नाही."

संध्याकाळी संघप्रिया खोलीत आली आणि सरळ म्हणाली, "ती पट्टी काढा."

"अगं, तो दोष आहे. कारण सापडेपर्यंत..."

"कारण सापडलं तर काय करणार आहात? ते कशाला लिहिणार? कोण तपासणार आहे तुमची वही?" तिने वही मिटली. "तुमच्या आईला कुणीतरी भेटायला येतंय आणि तुम्ही दार लावून घेतलंय."

संघप्रिया विज्ञान शिकवते. मोहल्ल्यात कोणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या तर सगळ्यांत आधी तीच हसते. विहारात तिची व्याख्याने मी ऐकली आहेत. तिने हे बोलावे याचे मला आश्चर्य वाटले. चिकटपट्टी काढली, प्रोग्राम पूर्ववत केला.

२५ फेब्रुवारी

तीन-चौतीस. 'ब' : चौतीस, बारा, चौतीस, बारा, स्थिर. 'अ' : एकवीस, मग मागे. संगीत वाजले. गोजाबाई सांगतात, आईने त्यानंतर वाटीभर पेज घेतली.

२ मार्च, रविवार

आई क्षीण होत आहे. हात मात्र उचलते. व्यायामाच्या बाईंनी आज स्वतः तपासले आणि म्हणाल्या की एवढी सुधारणा त्यांनाही अपेक्षित नव्हती. मला समाधान वाटायला हवे. संध्याकाळी खुर्चीवर बसलो तेव्हा वही उघडली नाही. आई माझ्याकडे पाहत होती, नेहमी पाहते तशीच. मला प्रथमच वाटले की ती काहीतरी ऐकण्याची वाट पाहत आहे, आणि ही वाट आजची नाही.

संगप्पाकाकांचे बोलणे पुन्हा वाचले. काम उरलंय.

परवा रजा घेतली आहे.

६ मार्च, गुरुवार

चार तारखेची नोंद आज लिहीत आहे. काल कार्ड वाचण्याचे धैर्य नव्हते.

मंगळवारी सव्वातीनला मी आईजवळ गेलो. गोजाबाईंना स्वयंपाकघरात बसण्यास सांगितले. वही टेबलावर ठेवली. खुर्चीवर बसलो नाही. खाटेच्या कडेवर बसलो आणि तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तो थंड होता. तळव्यावर कांड्यांचे जुने घट्टे होते. इतक्या वर्षांत मी ते पाहिले नव्हते.

मी सांगितले. "आई, बापू गेले त्या दिवशी मी लगेच यायला हवं होतं. तू फाटकापाशी उभी होतीस हे मला ठाऊक होतं. मी कागद भरत बसलो, कारण तुला सांगायचं कसं ते मला कळत नव्हतं. अडीच तास तुला उभं ठेवलं." आणखीही बोललो, ते लिहीत नाही.

तिने डाव्या हाताने माझ्या गालाला स्पर्श केला. माझे तोंड पुसावे तसा. मग तिची नजर माझ्यावरून उचलली गेली आणि माझ्या खांद्यामागे, खुर्चीवर स्थिर झाली.

दिवा लागला. पूर्ण प्रकाश, मी यापूर्वी कधी न पाहिलेला, खोलीतल्या उन्हाहूनही पांढरा. संगीत सुरू झाले. मला वळून पाहता आले असते. मी वळलो नाही. आईचा हातही सोडला नाही. संगीत संपेपर्यंत तो माझ्या दोन्ही हातांत, गोधडीवर होता. हे मी शपथेवर सांगू शकतो.

संगीत थांबले तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. मी नाडीवर बोट ठेवले आणि तिला एकदा हाक मारली. घड्याळात तीन वाजून एक्केचाळीस मिनिटे झाली होती.

आता कार्डावरील नोंद, जशी आहे तशी.

तीन-चौतीस. 'ब' : चौतीस, बारा, चौतीस, बारा, मग बारावर स्थिर.

तीन-पस्तीस. 'अ' : हात पुढे, अंतर बारा. मागे गेला नाही. सहा मिनिटे तसाच, पुढे.

या सहा मिनिटांत आईचा उजवा हात माझ्या हातांत होता आणि डावा माझ्या गालावरून खाली तिच्या कुशीत होता. 'अ'पुढे कोणाचाही हात नव्हता.

तीन-एक्केचाळीस. 'अ' रिकामा. 'ब'चे आकडे वाढू लागले : चौतीस, साठ, एकशे दहा, एकशे नव्वद. गती सावकाश होती, सोबत कोणी म्हातारे माणूस असले म्हणजे असते तेवढी. एकशे नव्वदवर आकडा चार सेकंद थांबला. वेळ ताडून पाहिली. मी हाक मारली तीच वेळ.

मग दोनशे चाळीस. मग तीनशे दहा. मग तीनशे नव्वद. त्या दिशेला भिंत दोनशे साठ सेंटिमीटरवर आहे. आज पुन्हा टेपने मोजली. चारशेच्या पुढे सेन्सरचा पल्ला संपतो.

दोन्ही सेन्सर लाकडी पट्टीने पुन्हा तपासले. दहा, वीस, तीस, चाळीस. दोष नाही.

या नोंदीखाली कारण लिहिण्यासाठी मी जागा सोडली होती. ती तशीच ठेवतो. उद्देश पूर्ण झाला. आईचा हात चालता झाला होता. वही येथे बंद करतो.

यशपाल जालिंदर शिवशरण
सोलापूर
६ मार्च २०२५